दहाच दिवस तर आहेत

(मंडळाच्या ज्येष्ठ सदस्यांच्या मेळाव्यात आम्ही उभयतांनी केलेलं हे भाषण. काही सदस्यांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)



आम्हाला विषय दिला होता 'आमचा परदेश प्रवास'. या व्यासपीठावरून आपण अमेरिका ऐकली, युरोप ऐकला, पडद्यावर नायगारा पाहिला. आमच्याकडे दाखवण्यासारखे फोटो फार नाहीत. जे आहेत त्यांत नातच जास्त आहे. म्हणून आम्ही ठरवलं की अकरा आठवडे बँकॉकला काय काय पाहिलं ते सांगत बसायचं नाही. शेवटच्या चार दिवसांबद्दलच बोलायचं. ते चार दिवस आमचे फार त्रासात गेले. आणि आज उभं राहून बोलायचं कारणही तेच चार दिवस आहेत.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त सहा वर्षं बँकॉकला आहे. सूनबाईंचं बाळंतपण तिथेच करायचं ठरलं, तेव्हा आम्ही २८ जानेवारी २०२४ ला इथून निघालो. घराला कुलूप, शेजारी किल्ली, तुळशीला पाणी घालायला समोरच्या वहिनी. आपल्यापैकी अनेकांनी हे केलं आहे, त्यामुळे सगळं सांगायला नको. डिंकाचे लाडू सामानातून नेले, बाळंतशोपाची पुडी नेली, आणि तिथे गेल्यावर कळलं की शोपा तिथल्या भारतीय दुकानात मिळते. फेब्रुवारीत नात झाली. पहिले दोन महिने कसे गेले ते कळलंच नाही. ९ एप्रिलला गॅलरीत गुढी उभारली. काठी फरशी पुसायच्या दांड्याची होती. कडुनिंब मात्र खरा मिळाला. तो तिकडेही होतो, आणि त्याची कोवळी पानं-फुलं तिकडची माणसं भाजीसारखी खातात.

परतीचं तिकीट १५ एप्रिलचं होतं. ते आम्ही इथूनच, पंचांग बघून काढलं होतं. रामनवमी १७ तारखेला होती आणि आमच्याकडचा रामजन्म आजवर एकदाही चुकलेला नाही. दोन दिवस आधी पोचलं की घर झाडून, सुंठवडा करून सगळं वेळेत होईल, असा हिशेब. पंचांग आपलं पाहिलं, तिकडचं पाहिलं नाही. मुलाला तारीख कळवली तेव्हा तो फोनवर थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आई, बाबा, त्या दिवशी घराबाहेर पडायचं कसं ते मात्र आपल्याला बघावं लागेल." आम्हाला वाटलं, मुलगा उगीच काळजी करतो.

१३, १४ आणि १५ एप्रिल हे तिकडचे 'सोंक्रान'चे दिवस. हा शब्द ऐकून आपल्याला अनोळखी वाटतो, पण तो आपलाच आहे. संक्रांत. आपण मकर संक्रांत धरतो, ते मेष संक्रांत धरतात. त्याच सुमाराला पंजाबात वैशाखी, केरळात विशू, तामिळनाडूत पुथांडू आणि बंगालात पोइला बैशाख असतो. थायलंडचं सरकारी नवं वर्ष १९४१ पासून १ जानेवारीला सुरू होतं, पण लोकांच्या मनातलं जुनं नवं वर्ष हेच. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने या सणाला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आम्ही होतो तो त्यानंतरचा पहिलाच सोंक्रान, त्यामुळे उत्साह काही विचारू नका.

सोंक्रान कसा असतो ते इंदूरकरांना सांगणं सोपं आहे. रंगपंचमीची आपली गेर डोळ्यांसमोर आणा. टँकर, राजवाड्यापर्यंत माणसाला माणूस चिकटलेला, वरून पाण्याचे फवारे, खाली डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली गर्दी. त्यातला गुलाल काढून टाका, त्याच्या जागी चेहऱ्याला फासायला पांढरी ओली माती द्या, सगळ्यांना मोठमोठ्या फुलांचे शर्ट घाला, प्रत्येकाच्या गळ्यात मोबाइल ठेवायची प्लास्टिकची पिशवी अडकवा, आणि ही गेर एका सकाळीऐवजी तीन दिवस चालवा. सिलोम नावाचा मोठा रस्ता आहे, त्याच्या डोक्यावरून मेट्रो जाते. वरच्या पुलावरून आम्ही एकदा खाली पाहिलं, तर रस्ता दिसतच नव्हता, नुसती डोकी. एप्रिल हा तिथला सगळ्यात उकाड्याचा महिना, त्यामुळे पाणी कुणालाच नको नसतं.

आम्हीही तरुणपणी गेरमध्ये नाचलो आहोत. त्यामुळे पाण्याची तक्रार आमची नव्हती. तक्रार होती आवाजाची.

मुलाचं घर एका गल्लीत, सातव्या मजल्यावर. गल्लीच्या तोंडाशी दोन-तीन खाणावळी आणि एक बिअरचं दुकान. १२ तारखेच्या संध्याकाळी तिथे निळे प्लास्टिकचे पिंप आले, बर्फाच्या लाद्या आल्या आणि शेवटी माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर आले. ते सुरू झाल्यावर आमच्या घरातल्या काचेच्या कपाटातले पेले वाजायला लागले. तान्ही नात दोन महिन्यांची. दचकून उठायची, रडायची, पुन्हा कशीबशी झोपायची, पुन्हा दचकायची. सूनबाई जागरणाने रडकुंडीला आलेल्या. आम्ही दोघं बाळाला घेऊन सगळ्यात आतल्या खोलीत, दाराखाली टॉवेल गुंडाळून बसलो. आमच्यापैकी एकाची रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी नुकतीच वाढवलेली. बाहेरच्या खोलीत अर्ध्या भरलेल्या बॅगा. चार दिवसांनी नातीला सोडून जायचं, ते पोटात वेगळंच तुटत होतं. त्या अवस्थेत आम्ही त्या लोकांना काय काय बोललो ते या व्यासपीठावर सांगण्यासारखं नाही. शेवटी आमच्या तोंडून निघालं, "या लोकांना काही कळतं की नाही? घरोघरी म्हातारी माणसं असतील, आजारी असतील, लहान मुलं असतील!"

मुलगा कपडे वाळत घालत होता. तो मागे न बघताच म्हणाला, "तीनच दिवस तर आहेत, आई."

ते त्याने टोमणा म्हणून म्हटलं नाही. त्याला आठवणही नसेल. पण आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही एकच गोष्ट आठवली.

ती गोष्ट इथे सांगायची की नाही यावर आमच्यात बरंच बोलणं झालं. पण ती सांगायची नसेल तर भाषणच करायला नको होतं, म्हणून सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही जुन्या घरात राहत होतो तेव्हा आमच्या गल्लीत एक छोटं गणेश मंडळ होतं. हे आपलं मंडळ नव्हे, गल्लीतलंच, वीस-पंचवीस घरांचं. त्याचं काम आम्ही दोघं बघायचो. वर्गणी एकाने, प्रसाद-आरतीचं दुसऱ्याने. मंडपाचा स्पीकर ज्या खांबाला बांधायचो तो समोरच्या वाड्यातल्या वरच्या मजल्याच्या खिडकीसमोर यायचा. त्या खोलीत एक आजोबा होते. पक्षाघाताने दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. पूर्वी हेच आजोबा गल्लीच्या गणपतीची मूर्ती आणायला स्वतः जायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांची सून खाली आली. डोक्यावर पदर, हातात पिठाचे हात तसेच. म्हणाली, "जरा आवाज कमी होईल का? किंवा खांब तरी बदलता येईल का?" आणि आम्ही हसून म्हणालो, "अहो, दहाच दिवस तर आहेत."

ती काही बोलली नाही. वर गेली. थोड्या वेळाने ती खिडकी बंद झाली. भाद्रपदातला उकाडा, आणि खिडकी बंद. आम्ही ते पाहिलं, आणि आरतीच्या तयारीला लागलो. पुढच्या वर्षीच्या गणपतीला तो वाडा रिकामा होता. ते लोक दूरच्या वसाहतीत राहायला गेले होते.

बँकॉकच्या त्या आतल्या खोलीत, दाराखाली टॉवेल लावून बसलेले असताना आम्हाला ती बंद खिडकी आतून कशी दिसत असेल ते कळलं.

दुसरा दिवस १३ तारखेचा, शनिवार. सकाळी सात वाजता मुलगा म्हणाला, "खाली चला, तुम्हाला बोलावलंय." आम्ही म्हटलं, भिजायला आम्ही येत नाही. तो म्हणाला, "भिजायचं नाही, फक्त हात."

इमारतीच्या तळमजल्यावर जिथे एरवी टपालाच्या पेट्या असतात, तिथे टेबल मांडलं होतं. पांढरं कापड, त्यावर बुद्धाची छोटी मूर्ती, बाजूला चांदीसारख्या वाडग्यात पाणी, पाण्यात मोगऱ्याच्या जातीची फुलं आणि गुलाबाच्या पाकळ्या. थोडं अत्तरही घातलेलं. समोर आठ खुर्च्या, त्यांवर इमारतीतली म्हातारी माणसं ओळीने बसवलेली. एक चिनी वंशाच्या आजी चाकाच्या खुर्चीत होत्या, त्यांना सगळ्यांत आधी आणून बसवलं होतं. उरलेल्या दोन खुर्च्या आमच्यासाठी. १३ एप्रिल हा त्या देशात ज्येष्ठांचा दिवस म्हणून पाळतात आणि १४ हा कुटुंबाचा दिवस, हे आम्हाला तिथे बसल्यावर कळलं.

आधी मूर्तीला पाणी वाहिलं. मग एकेक जण यायचा, वयाने लहान असलेला, गुडघ्यावर बसायचा आणि आमच्या जोडलेल्या ओंजळीवर थोडं थोडं पाणी सोडायचा. त्याने मान खाली घालायची, आपण त्याला आशीर्वाद द्यायचा. वर्षभरात काही चुकलं असेल तर त्याची माफी त्या पाण्यातच मागितलेली असते. तोंडाने काही बोलावं लागत नाही. त्यांचा आशीर्वाद आम्हाला येत नव्हता, म्हणून आम्ही आपला 'औक्षवंत व्हा' म्हणत राहिलो. कुणालाच त्याची अडचण वाटली नाही.

आमच्यासमोर शेवटी आल्या त्या रात्रपाळीच्या रखवालदार बाई. चाळिशीच्या असतील. ईशान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. तो शब्दही आपलाच. तिथल्या खेड्यातल्या त्या. रोज रात्री जाता-येता आम्हाला हात जोडून 'लुंग' आणि 'पा' म्हणायच्या. म्हणजे आपल्याकडच्या काका आणि मावशीसारखं. सोंक्रानला बँकॉक अर्धं रिकामं होतं. उत्तरेकडे आणि ईशानकडे जाणाऱ्या बसगाड्यांना उभं राहायला जागा नसते. कामाला आलेला प्रत्येक माणूस आपल्या आईबापांच्या हातावर पाणी घालायला गावी जातो. इमारतीतले बाकी सगळे रखवालदार गेले होते. कुणीतरी थांबायला हवं, म्हणून या थांबल्या होत्या. त्या खाली बसल्या, आमच्या हातावर पाणी सोडलं आणि मुलाला काहीतरी म्हणाल्या. मुलाने लगेच सांगितलं नाही. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाला, "त्या म्हणतात, माझे आईवडील गावी आहेत, मला यंदा जाता आलं नाही. म्हणून तुमच्या हातावर घातलं."

मग त्यांनी तो वाडगा मुलाच्या हातात दिला. त्याने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. नमस्काराची सवय त्याची कॉलेजात असतानाच सुटली होती, आणि आम्हीही कधी त्याबद्दल बोललो नव्हतो. तो आमच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि पाणी सोडलं. पाणी गार होतं. एवढंच सांगतो, जास्त सांगता येत नाही.

नऊ वाजता गल्लीच्या तोंडाशी स्पीकर पुन्हा सुरू झाले. आवाज कालच्याइतकाच. पेले तसेच वाजत होते, नात तशीच दचकत होती. आम्हाला त्रास झाला नाही असं आम्ही म्हणणार नाही. पण पाणी उडवणाऱ्या त्या मुलांकडे आता आम्ही वरून पाहत होतो, तेव्हा एक विचार मनात यायचा, की यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आज सकाळी कुणाच्या तरी हातावर पाणी घातलं असेल आणि मग हे रस्त्यावर आले असतील. आधी ते, मग हे. क्रम तसा आहे.

१५ तारखेला संध्याकाळी निघायचं होतं. टॅक्सी मिळेना. चालकही गावी गेलेले, आणि जे होते ते आमच्या गल्लीत शिरायला तयार नव्हते. शेवटी मेट्रोने जायचं ठरलं. बॅगांना कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या चढवल्या, वरून चिकटपट्टी. पासपोर्ट, गोळ्या आणि डॉक्टरांचे कागद पोळ्यांच्या डब्यात घातले, कारण घरात पाणी न शिरणारा तोच एक डबा होता. नातीला सूनबाईंच्या हातात देऊन निघालो. त्याबद्दल बोलत नाही.

गल्लीच्या तोंडाशी तीस-चाळीस मुलंमुली, हातात पिचकाऱ्या, बादल्या. रखवालदार बाई आमच्या पुढे चालत होत्या. त्यांनी नुसता हात वर केला आणि काहीतरी म्हणाल्या. पिचकाऱ्या खाली झाल्या. कुणीतरी स्पीकरपाशी गेलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तो आवाज खाली आला. गर्दी दोन्ही बाजूंना सरली. एका मुलाने पुढे येऊन हात जोडले, बोटं पाण्यात बुडवली आणि दोन थेंब आमच्या खांद्यावर शिंपडले. आपल्याकडे तीर्थ शिंपडतात तसे. आम्ही गल्लीबाहेर पडलो, आणि मागे स्पीकर पुन्हा वाजू लागला.

आम्ही मुलाला विचारलं, त्या काय म्हणाल्या? तो म्हणाला, "लुंग आणि पा घरी चाललेत. एवढंच."

तेवढं पुरलं. आवाज बंद करा, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हातारी माणसं घरी चालली आहेत एवढं कळल्यावर पुढचं त्या मुलांनी स्वतः केलं.

मेट्रोत शिरताना पिचकाऱ्यांमधलं पाणी ओतून टाकावं लागतं. डब्यात भिजलेली मुलं दाराशी उभी होती, ओल्या कपड्यांनी कुणी बाकावर बसत नव्हतं. आम्हाला कोरडी जागा मिळाली. मुलगा बॅगा धरून समोर उभा होता. त्या डब्यातले बरेचसे लोक घरीच चालले होते. आम्हीही घरीच चाललो होतो. फरक एवढाच, की त्या आठवड्यात त्या देशातली मुलं आईबापांकडे जात होती, आणि आम्ही आईबाप मुलाला तिथे ठेवून घराकडे जात होतो.

विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. आत पासपोर्टची तपासणी झाली की समोर समुद्रमंथनाचा भला मोठा देखावा आहे. एका बाजूला देव, एका बाजूला असुर, मध्ये वासुकी, वर विष्णू. आमच्या तोंडून एकदमच निघालं, "मिलची झांकी!" अनंत चतुर्दशीच्या रात्री आपण रस्त्याकडेला सतरंजी टाकून ज्यांची वाट बघायचो त्या झांक्या. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, पण कामगारांनी झांकी बंद पडू दिली नाही. पगार थांबला, वर्षानुवर्षं देणी मिळाली नाहीत, तरी अनंत चतुर्दशीला झांकी निघाली. त्या देखाव्यासमोर उभं राहून आम्हाला वाटलं, ज्या शहरातल्या माणसांना हे जमतं, त्यांना एक खांब बदलता येऊ नये?

१६ तारखेला घरी पोचलो. अकरा आठवडे बंद असलेलं घर. पंखा लावला तर त्याचाच आवाज मोठा वाटला. चार दिवस शांतता, शांतता म्हणत होतो, ती आता मिळाली होती. रात्री आम्ही दोघं तीन खोल्यांत एकमेकांना उगीच हाका मारत होतो. रामजन्म झाला, सुंठवडा वाटला, आणि त्यानंतरच्या रविवारी आम्ही पत्ता शोधून त्या वाड्यातल्या सूनबाईंकडे गेलो.

त्याही आता साठीच्या पुढे गेल्या आहेत. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिलो आणि मग सांगितलं की आम्ही कशासाठी आलो आहोत. दहाच दिवस तर आहेत असं म्हणालो होतो, ते चुकलं होतं, एवढंच सांगितलं. त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "काकू, खरं सांगू? मामंजींना आवाजाचा त्रास इतका नव्हता. त्यांना आरती ऐकायला आवडायची. त्यांचं म्हणणं एकच होतं. खाली सगळे जमलेत, माझी खिडकी सगळ्यांना दिसते, आणि दहा दिवसांत वर एकही जण आला नाही. स्पीकर बंद करा असं ते म्हणालेच नव्हते. ते मीच म्हटलं. कारण वर या, हे कसं सांगणार?"

मंडळी, आम्ही इतकी वर्षं समजत होतो की आमची चूक आवाजाची होती. ती होतीच. रात्री १० नंतर आणि सकाळी ६ च्या आधी स्पीकर लावायचा नाही, हा नियम आता सगळ्यांना माहीत आहे आणि आपलं मंडळ तो पाळतं. पण नियम पाळून झाला की आपण सुटलो असं होत नाही. आवाज खिडकीपर्यंत पोचत होता. माणूस पोचत नव्हता.

आपली घरं इथे किती पिढ्यांची आहेत! कुणी होळकरांच्या फौजेबरोबर आलं, कुणी कारकून म्हणून, कुणी पूजा सांगायला. कोकणातलं किंवा देशावरचं गाव आता फक्त आडनावात उरलंय. आपलं गाव हेच. आणि या गावातून आपली मुलं पुण्याला, बंगळुरूला, बँकॉकला गेली. गणपतीला घरी येणं सगळ्यांना जमत नाही, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या रखवालदार बाईंनाही गावी जाता आलं नव्हतं. पण त्यांनी जवळ जे म्हातारे हात होते त्यांच्यावर पाणी घातलं. आपल्या मुलांच्या वाट्याचं पाणी आपल्या हातावर दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीने घातलं, आणि तिच्या आईबापांच्या वाट्याचा आशीर्वाद आम्ही तिला दिला. असा हिशेब जुळवता येतो.

म्हणून कार्यकारिणीकडे आमची एक विनंती आहे. सोंक्रान इथे आणू नका, ओंजळीवर पाणी घालायचे कार्यक्रम ठेवू नका. आपल्याकडे प्रसाद आहे, तीर्थ आहे, आरतीचं ताम्हन आहे. तेवढं पुरे आहे. विनंती अशी, की मंडपात उतरू न शकणाऱ्या सदस्यांची यादी करावी. आम्ही दोघांनी बसून आठवलं तर आपल्याच मंडळातली अकरा नावं निघाली. रोज संध्याकाळी आरतीच्या आधी, स्पीकर सुरू व्हायच्या आधी, मंडळाच्या दोन मुलांनी त्यांपैकी एका-दोघांच्या घरी जावं. आरतीचं ताम्हन त्यांच्यासमोर धरावं, प्रसाद द्यावा, पाया पडावं, पाच मिनिटं बसावं. आणि निघताना विचारावं, आजोबा, आजी, तुम्ही किती वाजता झोपता? एवढं विचारून आलेला मुलगा खाली येऊन स्पीकरची कळ स्वतःच फिरवेल. त्याला कुणी नियम सांगायला लागणार नाही. बँकॉकच्या गल्लीत आम्ही ते पाहिलं आहे.

या कामाला आम्ही दोघं स्वतःचं नाव देतो. पहिल्या दिवशी आम्हीच जाऊ. गुडघ्यांच्या कृपेने दुसऱ्या मजल्यापर्यंतच जमेल. त्याच्या वरचे जिने तरुणांनी चढावेत.

मुलगा यंदा गणपतीला येईल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. रजेचा अर्ज टाकलाय म्हणाला. मिळेल की नाही ते माहीत नाही. मिळाली तर नातीला घेऊन येईल. ती आता रांगते, आणि फोनवर ढोलाचा आवाज ऐकवला की दचकत नाही, हसते म्हणे.



गणपती बाप्पा मोरया!